परतीचं पाणी

११ जानेवारी

आलो एकदाचा काराकोलला! राजधानी बिश्केकचा धूर मागे टाकला, सासूबाई मागे टाकल्या, आणि औष्णिक केंद्रातले ते पगारी बैलही मागे टाकले. गाडीतून उतरलो तर वर धुतल्यासारखं निळं आभाळ, समोर बर्फाचे डोंगर, आणि छातीभर श्वास घेतला तरी ठसका नाही. हीच हवा समराला हवी. पोरगी आठ महिन्यांची, आणि खोकते एखाद्या म्हाताऱ्या मेंढपाळासारखी. डॉक्टरीणबाईंनी माझ्या बायकोला, बेगायिमला, बाजूला घेऊन सांगितलं होतं, की या हिवाळ्यात पुन्हा छातीत सर्दी भरली तर माझ्याकडे आणू नका, देवाकडे मागा. बाई तोंडाची फटकळ, पण खरं बोलली. स्वच्छ हवा आणि ऊब, दोन्ही एकत्र मिळाली तरच ही पोर जगेल.

घर मला आवडलं. जुन्या पद्धतीचं लाकडी, निळ्या झडपांच्या खिडक्या, अंगणात सफरचंदाची झाडं, चार खोल्या, प्रत्येकीत बिडाचा जाडजूड रेडिएटर. अंगणातल्या खोपटात कोळशाचा बॉयलर. विकणारे दोघे भाऊ रशियात कामाला. आई गेली, तिच्या मातीवरचा बर्फ वितळायच्या आत घर काढलं आणि परत पळाले. असल्या लेकांपेक्षा दगड बरे, पण माझं भलं झालं.

ठरलंय असं, की आधी मी घर तापवायचं, मग मायलेकींनी यायचं. निघताना सासूबाई, उलझान आपा, सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘जावईबापू, घर कोळशाने तापतं, तोंडाच्या वाफेने नाही.’ साडूभाऊ खी खी हसला. हसा म्हणावं. अर्ध्या शहराला गरम पाणी पोचवणारा माणूस मी, चार खोल्या तापवू शकणार नाही?

१२ जानेवारी

आज सगळी व्यवस्था नीट तपासली. ज्याने हे पाइप जोडले त्याची अक्कल घोड्यावर बसून कुरणात गेली असावी. तरी मूळ सांगाडा भक्कम आहे. बॉयलर ठीक, माळ्यावरची टाकी ठीक. मेला आहे तो पंप. खोल्यांत फिरून गार झालेलं पाणी बॉयलरकडे आणणाऱ्या परतीच्या पाइपवर बसवलेला, माझ्या वयाचा, हिरवा रंग उडालेला. मधला पितळी स्क्रू काढून दांडा फिरवून बघितला तर तसूभर हलेना. पाणी ढकलायला पंप नाही म्हटल्यावर बॉयलर खोपटात लालबुंद झाला तरी घर गारच राहणार. पाणी गोठून पाइप फुटू नयेत म्हणून शेजारच्या जपारने ते सगळं आधीच काढून टाकलं होतं. एवढं त्याला सुचलं हेच नवल.

कोपऱ्यातल्या खोलीच्या रेडिएटरचा कॉक बंद, आणि त्यावर पांढरं फडकं, गाठीवर गाठ मारून. मी सुरीने कापत होतो तेवढ्यात शेजारच्या कुमुश आपा दुधाचं भांडं घेऊन आल्या आणि दारातच किंचाळल्या. भांडं हातातून पडता पडता राहिलं. या गल्लीची म्हणे रीत आहे. घरात माणूस गेलं, की लांबचे नातलग येईपर्यंत मयत ज्या खोलीत ठेवतात तिथला कॉक बंद करायचा आणि फडकं बांधायचं. चाळिसावा दिवस झाला की तेल तापवायचं, बोरसोक, म्हणजे कणकेचे गोळे, तळायचे. तो वास मेलेल्याला पोचला, त्याचं पोट भरलं, की घरच्या बाईने हाताने गाठ सोडायची. मगच त्या खोलीत ऊब. इथली म्हातारी, कलिपा, डिसेंबरात गेली. लेक चाळिसाव्याआधीच निघून गेले. तेव्हा पोरा, म्हणे, तू तेल तरी तापव, बायको आली की तिच्या हातून सोडव, तोवर हात लावू नको.

मी विचारलं, पंप मेलेला असताना कॉक बंद करून काय मिळवलंत? म्हणे, पाणी फिरो न फिरो, रीत ती रीत. धन्य! भुकेल्याने उपास सोडायचा मुहूर्त शोधावा तशातली गत. फडक्याला मी हाताचं वंगण पुसलं. कापूस चांगला होता.

१४ जानेवारी

पंप बसला!

नवा पंप मी बिश्केकहूनच आणला होता, जुन्याच्या दुप्पट जोराचा. जपार तमाशा बघायला आला. गल्लीत त्याला उस्ताद म्हणतात, कारण त्याच्याकडे सगळ्यात मोठा पाना आहे. खिशात हात घालून सूर्यफुलाच्या बिया फोडत उभा, आणि वर मला शिकवणं चालू, की पंपावरचा बाण जरा वर करून बसव, पाण्याला चढायला सोपं पडतं. या माणसाने आयुष्यभर लोकांची घरं तापवली! मी त्याला सांगितलं की बाण पाणी वाचत नाही, पाण्याची दिशा दाखवतो. त्याने सालं माझ्या जमिनीवर थुंकली आणि गेला.

जुना पंप काढला, आट्यांना सुतळी आणि सफेदा लावला, नवी वायसरं घातली, बाण बॉयलरकडे करून दोन्ही बाजूंचे नट आवळले. मग व्यवस्थेत पाणी भरलं, प्रत्येक रेडिएटरची चावी सैल करून हवा काढली. शेवटी कोपऱ्यातल्या खोलीचा कॉक उघडला. थोडा कुरकुरला, मग हवेचा एक मोठा सुस्कारा निघाला. तो इतका लांबला की मी घड्याळ बघायला लागलो. रेडिएटरमध्ये एवढी हवा मावते कुठे, कोण जाणे.

गंमत म्हणजे बॉयलरपासून सगळ्यात लांब असलेली तीच खोली सगळ्यात आधी तापली. याला म्हणतात कारागिरी.

१७ जानेवारी

कोपऱ्यातली खोली म्हणजे हमाम झालीय. मी बनियनवर बसून लिहितोय, गळ्याला घाम आहे. बाकीच्या तीन खोल्या मात्र कोमट, सकाळी तर कोमटही नाहीत. कोळसा दुप्पट घालतोय. बॉयलर भकाभका जळतो, गरम पाणी निघतं आणि परतीच्या पाइपने येतं ते बर्फासारखं. हात लावला तर चिकटतो. ज्याला कळत नाही तो घाबरेल. ज्याला कळतं तो खूश होईल, कारण परतीचं पाणी जितकं गार तितकी रेडिएटरने ऊब खोलीला दिली. कोपऱ्यातला रेडिएटर पाण्यातला शेवटचा कण शोषून घेतोय एवढाच त्याचा अर्थ. बाकीच्यांचे कॉक थोडे मागेपुढे केले की झालं.

बेगायिमला फोन केला. घर हमामासारखं झालंय, म्हटलं, रविवारी या. मागे समराचा खोकला ऐकू येत होता, आता त्यात शिट्टीही आहे. बिश्केकमध्ये म्हणे समोरची इमारत दिसत नाही. तिच्या हातातून फोन घेऊन सासूबाई बोलल्या, ‘किती खोल्यांत हमाम आहे ते सांगा, जावईबापू.’ बाई गेल्या जन्मी पोलिसात असणार.

१९ जानेवारी

बिछाना कोपऱ्यातल्या खोलीत आणलाय. बाहेर हाडं फोडणारी थंडी, आणि इथे चादरसुद्धा नको वाटते. दुपारी तिथेच झोपलो. इतकी गोड झोप मला लहानपणीही लागली नव्हती. आईच्या अंगाशी झोपल्यासारखं वाटलं. उठावंसंच वाटेना.

भिंतीवर थर्मामीटर टांगला तर पारा शून्याच्या खाली. बाजारातला माल, दुसरं काय. बदलायला गेलो तर दुकानदार म्हणे, दुकानात बरोबर दाखवतोय की, तुमचीच तब्येत बघा. गिऱ्हाइकालाच ताप मोजायला सांगणारा दुकानदार फक्त इथेच भेटावा.

येताना बाजारात अश्लान-फू खाल्लं. भर हिवाळ्यात थंडगार शेवया भुरकणारे लोक हे. त्यांच्याकडून शहाणपणाची अपेक्षा करणं ही माझीच चूक. दारात कुमुश आपा भेटल्या. म्हणे, तुझे ओठ निळे पडलेत पोरा. मी म्हटलं, मोतीबिंदू काढून घ्या. त्यांनी माझा हात धरला आणि चटकन सोडला.

पायाची बोटं बधीर आहेत. बूट घट्ट असावेत.

२० जानेवारी

कोपऱ्यातल्या खोलीच्या खिडकीवर बर्फाची फुलं धरलीत. बाहेरून नव्हे, आतून. बाकीच्या खोल्यांच्या काचा कोरड्या. चौकटीतून हवा येत असणार, चिंध्या कोंबल्या.

चिंध्या कोंबताना अंगातून घाम निथळत होता. तोंडातून मात्र वाफ निघत होती. दोन्ही एकदम कसं, याचा विचार करतोय. काहीतरी साधं कारण असेल.

२१ जानेवारी

चहा.

नीट लिहितो. जेवणानंतर चहाचा पियाला घेऊन त्या खोलीत बसलो. उकडत होतं, बनियनही काढलं. डोळा लागला. जाग आली आणि पियाला उचलला. जड लागला, म्हणजे चहा उरलाय, म्हणून तोंडाला लावला, तर चहा ओठांना टणक लागला. गोठलेला होता. तळापर्यंत. पियाला उलटा केला तरी पडला नाही.

उशाशी पाण्याची बाटली होती, ती फुटली होती. उशीवर माझ्या श्वासाचं दव बर्फ होऊन चिकटलं होतं. आणि मी उघडा बसून घाम पुसत होतो.

थर्मामीटर खरा आहे.

बाहेर आलो तेव्हा कुठे थंडी कळली. दात इतके वाजले की जीभ चावली गेली. पायाची दोन बोटं काळपट झालीत, टोचलं तरी लागत नाही. एरवी थंडगार वाटणारी मधली खोली मला भट्टीसारखी पोळली.

लगेच बिश्केकला फोन केला, की येऊ नका. उचलला सासूबाईंनी. मी ‘ऐका’ म्हणालो तेवढ्यात त्या म्हणाल्या, ‘काय हो, विझला का हमाम?’ आणि हसल्या. मागे साडूही हसला. मी म्हणालो सगळं ठीक आहे, फक्त कधी निघताय ते विचारायला फोन केला.

तोंडातून निघून गेलं. एका दिवसात दुरुस्त होईल. पाणीच तर आहे. कॉक बंद केला की संपलं.

२२ जानेवारी

कॉक बंद होत नाही. फिरतो, फिरतच राहतो, आणि पाइपमधून पाण्याची खळखळ चालूच. जपारचा मोठा पाना मागून आणला. या वेळी त्याने सालं थुंकली नाहीत. पान्याने दांडी तुटून हातात आली. खळखळ चालूच.

पंपाची वीज काढली. गुणगुण चालूच. मधला स्क्रू काढून बघितलं, दांडा फिरतोय. तार माझ्या हातात, आणि तो फिरतोय. उलटा. बाण एकीकडे, दांडा दुसरीकडे. पंप पाणी ढकलत नाहीये. कोपऱ्यातल्या खोलीकडून कोणीतरी ओढतंय.

असलं लिहिणाऱ्याला मी परवापर्यंत वेड्यात काढलं असतं.

कुमुश आपांकडे गेलो. आयुष्यात कोणासमोर मान खाली घातली नव्हती. विचारलं, कलिपा कशाने गेली. त्या कणीक मळत होत्या. मग रडत रडत सांगितलं. पंप अडकला होता, घर गार पडलं होतं, आणि गल्लीतल्या कुणीही दार वाजवलं नाही. प्रत्येकाला वाटलं, लेकांनी व्यवस्था केली असेल. धूर निघताना तर दिसत होता ना खोपटातून! जपारने येतो म्हणून सांगितलं होतं, गेला नाही. सापडली ती कोपऱ्यातल्या खोलीत. कपड्यांची नीट घडी बाजूला, अंगावर धागा नाही. आपा म्हणे, लाज झाकायला आम्ही कोणाला बोललो नाही. गोठून मरणाऱ्याला शेवटी उकडतं. तिला फार उकडलं असणार, बिचारीला. चेहरा तर असा होता, म्हणे, जसं कुणाला तरी कुशीत घेतलंय.

या लोकांवर थुंकावंसं वाटलं. मग आठवलं, माझ्या हाताचं वंगण कशाला पुसलं होतं.

आपांनी पीठ आणि तेलाची बाटली दिली. तेल तापव, वास जाऊ दे, आणि बायकोला गाठ सोडू दे, म्हणाल्या. गाठ मी कापली. सोडायला आता गाठच नाही.

फोन लावतोय. बेगायिमचा बंद लागतोय. मी रविवार म्हणालो होतो. आज शनिवार आहे. उद्या सकाळी पहिलं काम, त्यांना स्टँडवरूनच आपांकडे—

त्या खोलीचं दार तारेने घट्ट बांधलंय.

२२, दुपार

आल्या. एक दिवस आधीच. मला खूश करायला, म्हणे. आईचं रोजचं ऐकून कंटाळले, तुझ्यावर माझा भरवसा आहे ते तिला दाखवायचं होतं, म्हणाली बेगायिम. हसत होती. समरा तिच्या शालीत, गाल लाल, छातीत शिट्टी.

माझा चेहरा बघून हसू मावळलं. घर बघून तर— रेडिएटरना हात लावत गेली, एकेक. तारेचं दार दिसलं तेव्हा विचारलं, हे काय.

सांगायचं होतं. काय सांगू? तिच्या आईच्या बोरसोकच्या वासाला मी दर शुक्रवारी हसायचो. तिच्या आजीच्या चाळिसाव्याला मी जेवायला बसलो नव्हतो. मी म्हणालो, आतल्या फळ्या कुजल्यात, पाय जाईल.

आपांकडे चला म्हटलं. ती म्हणे, पोरीला सात तास गाडीत आणलं, आता परक्याच्या दारात नाही नेणार, तू बोलला होतास हमाम आहे. खोपटात ऊब आहे पण तिथे कोळशाचा धूर— समराला तिथे कसं—

दोघी झोपायच्या खोलीत आहेत, कोट, शाली, माझी रजई, सगळं अंगावर. खोकला ऐकू येतोय.

तेल ठेवलंय.

२२, संध्याकाळ

तेल तापत नाही. आच मोठी केली. कढईच्या कडेला बर्फ— तेलाला बर्फ धरतो का कधी

पेन्सिल मुठीत धरून

पीठ मळलं तसंच आहे. दगड. तरी एक गोळा टाकला. वास नाही. काहीच वास नाही

तिला सांगतो. आता खरं सांगतो. हसली तर हसू दे. समराला उचलतो आणि आपांकडे, तशीच, ओढत नेईन—

खोकला ऐकू येत नाहीये.

थांबला. केव्हापासून

पक्कड जागेवर नाही. ओट्यावर ठेवली होती, तारेसाठी. ती कुठे

बेगायिम हाक मारतेय. झोपायच्या खोलीतून नाही. तिकडून, कोपऱ्यातल्या खोलीतून. रागाने नाही, हसत. म्हणतेय खोटारड्या, फळ्या तर धड आहेत, एवढी छान खोली बांधून ठेवलीस आणि पोरीला गारठवलंस. म्हणतेय ये, बघ कशी शांत झोपलीय, खोकला पार गेला. फार उकडतंय रे इथे, म्हणतेय, मी समराचे सगळे कपडे काढ—